तीन मजली शब्द

जालना हा शब्द देवनागरीत लिहिला, की तो शिरोरेषा आणि तळरेषा यांच्यामधल्या पट्ट्यात पूर्णपणे मावतो. वर मात्रा नाही, खाली उकार नाही. तीन अक्षरे आणि दोन काने एका पातळीवर उभे असतात. याच जिल्ह्यातील जाफ्राबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीचे नाव तसे नाही. पहिल्याच अक्षरावर मात्रा आणि तिच्या शेजारी अनुस्वार. दुसऱ्या अक्षराच्या पायाशी उकार. तिसऱ्या अक्षराला दुसरी वेलांटी आणि त्या वेलांटीच्याच माथ्यावर रफार. अवघ्या तीन अक्षरांत देवनागरीचे तिन्ही मजले भरून जातात. रोमन लिपीचे आरेखक आपल्या नव्या टंकाची परीक्षा घेण्यासाठी काही ठरावीक नमुनाशब्द वापरतात, ज्यांत त्या लिपीची सगळी अवघड वळणे एकत्र येतात. मुलांच्या पुस्तकाची अक्षररचना शिकविताना मी तोच उपयोग टेंभुर्णी या शब्दाचा करते. विडीसाठी ज्याची पाने खुडतात त्या झाडाचे हे नाव. गावाला ते मिळाले आणि माझ्या वर्गाला फुकटात एक उपकरण मिळाले.

भाषाविज्ञानाच्या प्राध्यापिकेने फॉन्ट, समास आणि ओळींमधले अंतर का शिकवावे, असा प्रश्न मला सहकाऱ्यांनी विचारला आहे आणि विद्यार्थ्यांनीही. त्यामागे एक रूढ वाटणी आहे. मराठीच्या पदवीधराने संहिता लिहावी, शुद्धलेखन तपासावे. पुढचे सारे चित्रकाराने आणि छापखान्याने पाहावे. मोठ्यांच्या कादंबरीपुरती ही वाटणी कदाचित चालून जाईल. लहान मुलाच्या पुस्तकात ती चालत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला भाषा पूर्णपणे येत असते. तो भांडतो, खोटे बोलतो, आजीला गोष्टीतली चूक दाखवतो. त्याला नवी असते ती फक्त कागदावरची भाषा. जोडाक्षर कसे जोडले आहे, अनुस्वाराचा ठिपका दिसतो की नाही, ओळ कोणत्या शब्दाशी तुटते, यांवर त्याचे वाचन पुढे सरकते किंवा अडते. हे सगळे भाषेचेच प्रश्न आहेत. ते केवळ सजावटीच्या खात्यात टाकून आपण हात झटकणे मला मान्य नाही.

माझ्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना अक्षरांची ओळख नसते असे नाही. उलट ती भरपूर असते. लग्नपत्रिकांतली नागमोडी अक्षरे, चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरची सावली दिलेली जाड अक्षरे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रंगविलेली मुलांची नावे, जिल्हा परिषद शाळेच्या बोलक्या भिंती, बी-बियाण्यांच्या पिशव्या. यांतून त्यांची अक्षरदृष्टी घडलेली असते आणि ती मुळीच कमी प्रतीची नसते. कमतरता असते ती लहान मुलांच्या पुस्तकांची. बहुतेकांनी लहानपणी पाहिलेले सचित्र पुस्तक म्हणजे पाठ्यपुस्तक. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार आणि शिक्षण यांत उर्दूचे वर्चस्व होते. येथल्या अनेक घरांत पणजोबांची अक्षरओळख उर्दूतली, आजोबांची मराठीतली, आणि पणजीची व आजीची झालीच नाही, असा क्रम सापडतो. घरात मुलासाठी पुस्तक विकत आणण्याची सवय अशा ठिकाणी फार जुनी असणार नाही. म्हणून जे एखादे पुस्तक येथल्या मुलाच्या हाती पडेल, ते त्याला अडवणारे नसावे, एवढी माझी साधी अपेक्षा आहे.

या विषयाचे पहिले पाठ्यपुस्तक मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा ते चकित होतात, कारण त्याचा कर्ता आमच्याच जिल्ह्यातला आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये जांब या गावी झाला. ते गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. आपण तो परमार्थाच्या ओघात वाचून पुढे जातो; पण कामाच्या नजरेने वाचला तर ती अक्षररचनेची काटेकोर नियमावली आहे. बाळबोध अक्षर वाटोळे, सुटे आणि ठसठशीत असावे. ग्रंथातले पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झिजून झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. तरुणपणीच्या नजरेच्या बळावर इतके बारीक लिहू नये, की म्हातारपणी ते वाचता येणार नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी सूचना: एका ओळीला दुसरी ओळ लागू नये, वेलांट्या-मात्रांनी वरची ओळ भेदू नये, खालच्या ओळीला स्पर्श होऊ नये. देवनागरी तीन मजली आहे आणि म्हणून तिला ओळींमध्ये अधिक जागा लागते, हे सतराव्या शतकात इतक्या नेमकेपणाने सांगितलेले आहे. आजच्या संगणकाला ते अजूनही प्रत्येक वेळी नव्याने सांगावे लागते.

‘बाळबोध’ हे नावही थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. मोडी ही हात न उचलता भरभर लिहिण्याची, कारभाराची लिपी. देवनागरी ही बाळालाही बोध होईल अशी. लिपीच्या नावातच लहान वाचकाचा उल्लेख असावा, हे मराठीचे भाग्य म्हणावे लागेल. छापखाना आला तेव्हा दोन्ही लिप्यांचे खिळे तयार झाले. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूरला छापले गेले ते देवनागरी खिळ्यांनी. मोडीचेही खिळे तेथे पाडले गेले. पण मुद्रणात अखेर बाळबोधच टिकली. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या खिळ्यांचे वळण पुढे कित्येक दशके मराठी वाचकाच्या डोळ्यांत बसले. या साऱ्या इतिहासासाठी बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील बृहद्ग्रंथ पाहावा. भाषा संचालनालयाने तो १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. खिळ्यांच्या काळात जुळाऱ्यापुढे शेकडो घरांची पेटी असे आणि मात्रा, अनुस्वार, रफार यांचे नाजूक भाग छपाईत तुटत. संगणकावर काही तुटत नाही, असे आपल्याला वाटते. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला आणि वेलांटी भलत्याच ठिकाणी उगवलेली ज्याने पाहिली आहे, त्याला तसे वाटणार नाही.

आता वर्गाकडे वळते. पहिल्या तासाला टेंभुर्णी हा शब्द आठ-दहा निरनिराळ्या फॉन्टांत, सर्वांना एकच आकार देऊन, म्हणजे समजा अठरा पॉइंटमध्ये, एकाखाली एक छापून आणायचा. आकडा एकच असूनही अक्षरे लहानमोठी दिसतात, हा पहिला धक्का. काही फॉन्टांत मधल्या मजल्याला उंची अधिक दिलेली असते आणि वरखालच्या चिन्हांना दाटीवाटीने बसविलेले असते, काहींत उलट. दुसरा धक्का वरच्या मजल्यावर बसतो. ‘टें’वरची मात्रा आणि अनुस्वार यांच्यात केसाएवढीही फट नसेल, तर साध्या कागदावर शाई पसरताच दोन्हींचा मिळून एक डाग होतो. ‘र्णी’वर रफार आणि वेलांटी यांचे तेच. मग त्याच शब्दाच्या खाली पुन्हा तोच शब्द, अशा दोन ओळी संगणकाच्या ठरावीक अंतराने छापायच्या. वरच्या ‘भु’चा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन टेकतो. एवढे पाहिल्यावर समर्थांच्या सूचनेचे स्पष्टीकरण करावे लागत नाही. मुलांच्या पुस्तकात अक्षराचा आकार मोठा करण्याकडे सर्वांचा ओढा असतो. ओळींमधले अंतर वाढविण्याकडे कोणाचे लक्ष नसते. माझ्या मते, जागा थोडीच असेल तर अक्षर दोन पॉइंटांनी लहान करावे आणि वाचलेली जागा ओळींना द्यावी.

एका वर्षी वर्गात एक तरुण होता, जो दिवसा डीटीपीच्या दुकानात काम करी. लग्नसराईत त्याला झोप मिळत नसे. श्रीलिपीचा कळफलक त्याला इतका पाठ होता की तो माझ्याकडे पाहत, माझ्याशी बोलत टंकलेखन करू शकत असे. त्याने मला एक गोष्ट सांगितली. पत्रिकेतले नाव ठळक दिसावे म्हणून गिऱ्हाईक अक्षर जाड करायला सांगते. जाड केले की ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ होतो, म्हणून तो स्वतः शिरोरेषेतली ती फट पुन्हा कोरून घेतो. हे त्याला कोणी शिकविलेले नव्हते. भ-म आणि ध-घ या जोड्यांतला भेद शिरोरेषेच्या तुटीवर उभा आहे, हे ध्वनी आणि चिन्ह यांच्या संबंधाचे तत्त्व मी पुस्तकातून शिकले होते. तो ते वधू-वरांच्या नावांतून शिकला होता. त्याच सुमारास गावात दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या एका पेंटरना आम्ही वर्गात बोलाविले. शाळेत आपण आधी अक्षरे काढतो आणि शेवटी त्यांच्यावर रेघ ओढतो. पेंटर आधी रेघ ओढतात आणि मग अक्षरे तिला टांगतात, दोरीवर कपडे टांगावेत तशी. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे काम पुष्कळ कमी झाले आहे. पण दोन अक्षरांमध्ये किती फट सोडावी, हे मोजपट्टी न लावता डोळ्यांनी ठरविण्याची त्यांची रीत विद्यार्थ्यांनी ज्या एकाग्रतेने पाहिली, ती माझ्या व्याख्यानांच्या वाट्याला क्वचितच येते.

अभ्यासक्रमाचा मुख्य भाग म्हणजे प्रत्येक गटाने सोळा पानांचे एक पुस्तक तयार करायचे आणि ते जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या मुलांसमोर ठेवायचे. मुलांना आपण वाचून दाखवायचे नाही. त्यांनी वाचायचे, आपण मागे बसून पाहायचे. एका गटाची गोष्ट आठवडी बाजाराला निघालेल्या बैलगाडीची होती. त्यांनी गोलसर, सजावटीचा, ‘मुलांना आवडेल असा’ फॉन्ट निवडला होता. एक मुलगा नीट वाचत होता आणि मध्येच त्याने ‘रवडरवडाट’ असे वाचले. सगळा वर्ग हसला. तो थांबला, पुन्हा ओळीच्या सुरुवातीपासून आला आणि पुन्हा तेच वाचले. गटातली एक विद्यार्थिनी माझ्या कानाशी म्हणाली, “मॅडम, याला अजून वाचता येत नाही.” तेथले गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी फळ्यावर खडूने ‘खडखडाट’ लिहिले, ‘ख’च्या दोन भागांना खाली जोडणारी रेघ चांगली ओढून, आणि मुलाकडे पाहिले. त्याने तत्क्षणी शब्द वाचला आणि वर बैलगाडीच्या चाकांचा आवाजही काढून दाखविला.

नंतर आम्ही ते पान हातात घेऊन पाहिले. त्या फॉन्टमध्ये ‘ख’चे दोन भाग एकमेकांपासून सुटे होते. कागदावर जे होते ते ‘रव’च होते आणि मुलाने ते बिनचूक वाचले होते. पाटी-पेन्सिलीच्या काळापासून हा घोटाळा प्रसिद्ध आहे. ‘ख’ खाली जोडून लिहावा, हे लिपिसुधारणेत त्यासाठीच सांगितले गेले. मोठा वाचक संदर्भाने ‘खडखडाट’ ओळखतो; त्याला अक्षर दिसतही नाही, शब्द दिसतो. लहान वाचक मात्र प्रामाणिक असतो. वर्गात असे दोन-चार वेळा अडखळलेल्या मुलाला ‘अप्रगत’ ही संज्ञा फार लवकर चिकटते आणि ती निघायला वर्षे लागतात. एका सुट्या ‘ख’मुळे एवढे होते, असे मी म्हणत नाही. पण त्या दिवशी त्या विद्यार्थिनीने आधी मुलाविषयी निष्कर्ष काढला आणि मग पानाकडे पाहिले. हा क्रम उलटा करायला शिकणे, हे मी या अभ्यासक्रमाचे काम समजते.

इंग्लंडमध्ये रोझमेरी सॅसून यांनी याच क्रमाने काम केले. मुलांना वाचायला कोणती अक्षरे सोपी जातात, हे त्यांनी मुलांनाच विचारले आणि त्यावरून शाळेच्या पुस्तकांसाठी स्वतंत्र टंक तयार केला. रोमनमध्ये छापील ‘ए’ आणि हाताने लिहिलेला ‘ए’ यांची रूपे वेगळी असतात. मुलांच्या पुस्तकात हाताच्या वळणाजवळचे रूप वापरावे, असा तेथे प्रघात आहे. आपल्याकडे हाच प्रश्न ‘ल’, ‘श’, ‘अ’, ‘झ’ आणि ५, ८, ९ या अंकांच्या बाबतीत येतो. या प्रत्येकाची मराठी वळणाची आणि उत्तरेकडच्या वळणाची अशी दोन रूपे आहेत. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमाला आणि लेखनाची पद्धत प्रमाणित केली. १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांच्यावर पुन्हा बोट ठेवले. निर्णय झाला तरी फॉन्ट आपोआप बदलत नाही. हिंदीसाठी घडविलेल्या फॉन्टात मराठी पुस्तक सजविले, की मूल शाळेत एक ‘ल’ गिरवते आणि गोष्टीत दुसराच ‘ल’ वाचते. ज्या फॉन्टांत मराठी रूपे आत दडवून ठेवलेली असतात त्यांत भाषा ‘मराठी’ अशी निवडावी लागते, एवढी साधी गोष्टही अनेक दुकानांत ठाऊक नसते.

‘ऱ्य’ची कथा याहून गंभीर आहे, कारण तेथे अर्थच बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यांना बोलावले तर प्रवचन होईल, आचाऱ्यांना बोलावले तर स्वयंपाक. र-काराचे हे चंद्रकोरीसारखे रूप ही मराठीची खास गरज आहे. जो फॉन्ट ते दाखवू शकत नाही तो कितीही देखणा असला तरी मराठी पुस्तकासाठी निरुपयोगी समजावा. फॉन्ट निवडताना विद्यार्थ्यांनी सर्वांत आधी ‘दऱ्या’ आणि ‘टेंभुर्णी’ हे दोन शब्द छापून पाहावेत. बाकीची चर्चा नंतर.

जोडाक्षरांविषयी माझे मत सरळ एका बाजूचे नाही. पाठ्यपुस्तकांत ‘विद्‌यार्थी’, ‘उद्‌योग’ अशी पायमोडकी रूपे छापली जातात आणि त्यांवर जाणकार मंडळी वारंवार नाराजी व्यक्त करतात. उच्चाराच्या दृष्टीने पाहिले तर या रूपात गैर काही नाही; ‘विद्या’ म्हणताना आपला ‘द्’ आधीच्या स्वराला चिकटतो आणि ‘या’ पुढे सुटतो. मुलाला दोन व्यंजने वेगळी दिसतात, हा लाभही खरा आहे. पण मूल पाठ्यपुस्तकातच राहत नाही. विद्यालयाच्या कमानीवर, औषधाच्या बाटलीवर, देवळाच्या पाटीवर त्याला उभी जोडणीच भेटणार असते. म्हणून पहिल्या टप्प्यातल्या पुस्तकांत जोडाक्षरेच थोडी वापरावीत, जी वापरावी लागतील ती रूढ रूपात पण मोठ्या, मोकळ्या वळणात छापावीत, असे मी सांगते. पायमोडके रूप फळ्यावर समजावून देण्यासाठी उत्तम आहे. गोष्टीच्या ओघात ते डोळ्याला ठेचकाळते.

आजच्या विद्यार्थ्यांना साधनांची उणीव नाही. कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी आरेखिलेला ‘मंगल’ वर्षानुवर्षे विंडोजच्या संगणकांवर तयारच मिळत आला. पण तो मुख्यतः पडद्यासाठी घडविलेला टंक आहे, आणि आयता मिळतो एवढ्याच कारणाने त्यात पुस्तक छापणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतात. ‘बलू’ गुबगुबीत आहे. शीर्षकाला शोभतो, पण पानभर मजकुराला जड होतो. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या खुल्या दालनातल्या गोष्टी आणि चित्रे योग्य श्रेय देऊन नव्याने मांडण्याची परवानगी असल्यामुळे सरावासाठी साहित्यही मिळते. आणि नमुना म्हणून मी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके वर्गात फिरविते. तेथे लेखिका आणि चित्रकार एकच असल्याने चित्र जे सांगते ते मजकूर पुन्हा सांगत बसत नाही. विद्यार्थ्यांची पहिली पाने पाहावीत: चित्रात लाल फुगा आणि खाली वाक्य, ‘हा लाल फुगा आहे.’ हे वाक्य काढून टाकायला लावणे, यात माझे दर वर्षी दोन तास जातात.

उरते ती ओळ. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, म्हणून आपले शब्द लांब होतात: विहिरीजवळच्या, शेजारणीकडून. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट धरला, की अशा लांब शब्दांमुळे ओळीत भगदाडे पडतात किंवा शब्द मध्येच तोडावा लागतो. मुलांच्या पुस्तकात डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवावी, शब्द कधीही तोडू नये, हे ठरलेले. पण ओळ कोठे संपवावी, हे कागदाच्या रुंदीने ठरवायचे नसते. ते श्वासाने आणि पदबंधाने ठरते. विशेषण आणि नाम यांची ताटातूट करू नये. संयुक्त क्रियापद फोडू नये. वाक्यविचाराच्या तासाला जे पदबंध विद्यार्थ्यांना कंटाळवाणे वाटतात, त्यांचा उपयोग येथे पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात येतो. बोलीतला अनुस्वारही येथेच येतो. ‘गेले’ की ‘गेलं’? मुलाच्या कानात ‘गेलं’ आहे, म्हणून गोष्टीत मी ‘गेलं’च्या बाजूची. मात्र ते लिहिले की प्रत्येक ओळीवर ठिपक्यांची गर्दी होते. तो ठिपका पुसट छापला गेला तर ‘केलं’चे ‘केल’ होते. तेव्हा बोली निवडणाऱ्या लेखकाने आपल्या फॉन्टमधला ठिपका किती मोठा आहे, हे आधी पाहून घ्यावे.

यंदाच्या एका गटाची गोष्ट हरवलेल्या शेळीच्या पिल्लाची आहे. चार कागद दुमडून, मध्ये दोन पिना मारून, एकाच काळ्या रंगात सोळा पाने. पंधरा पाने ठरली आहेत. वाद अकराव्यावर आहे. आजी नातीला म्हणते: ‘पिल्लू पाण्याला गेलं असेल.’ गटातल्या एकीने नियमाप्रमाणे ‘गेलं असेल’ एकत्र ठेवले. दुसऱ्याचे म्हणणे असे, की ‘पिल्लू पाण्याला गेलं’ इथेच पान संपवावे आणि ‘असेल’ हा एकटा शब्द पान उलटल्यावर रिकाम्या ओढ्याच्या चित्राखाली यावा. म्हणजे मुलाला आधी वाटेल की पिल्लू सापडले, आणि पान उलटताच शंका उभी राहील. क्रियापद फोडू नये हा माझाच नियम तो मला ऐकवून मोडू पाहत होता, आणि त्याचे कारण व्याकरणाच्या बाहेरचे नव्हते: निश्चितार्थ आणि संशयार्थ यांच्यामध्ये त्याने एक पान ठेवले होते. तिचे उत्तरही तयार होते. अडखळत वाचणारे मूल ‘गेलं’पाशीच दमते; पान उलटेपर्यंत वाक्य त्याच्या हातून निसटलेले असते. दोघेही माझ्याकडे पाहत होते. मी निकाल दिला नाही. अकरावे आणि बारावे पान दोन्ही प्रकारे छापून घेतले आहे. शनिवारी शाळा सकाळची असते; अर्ध्या वर्गाला एक प्रत आणि अर्ध्याला दुसरी देण्याचे गुरुजींनी कबूल केले आहे.